बिलाचा कागद आणि पाचवा महिना

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीत एका मोठ्या किराणा दुकानात बिलिंगला आहे. दिवसाला दोन-अडीचशे बिलं हातून जातात. मला पाचवा महिना लागलाय. बिलाच्या कागदात हार्मोन बिघडवणारं रसायन असतं, असा मेसेज नणंदेनं पाठवला. तेव्हापासून सासूबाई नोकरी सोड म्हणतात. घराचे हप्ते चालू आहेत. खरंच इतका धोका आहे का?

उत्तर : सासूबाईंची काळजी खोटी नाही. पण एवढ्यासाठी नोकरी सोडावी, असं मला वाटत नाही. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून आधी एक प्रयोगच सांगते.

एक कोरं बिल घ्या आणि त्यावर नखानं जोरात रेघ ओढा. काळी रेघ उमटेल. त्या प्रिंटरमध्ये शाई नसतेच. कागदावरच बिनरंगी रंगद्रव्य आणि ते खुलवणारं रसायन यांचा लेप असतो. ऊब लागली की दोन्ही वितळून एकत्र येतात आणि अक्षर दिसतं. नखाच्या घर्षणाचीही ऊब पुरते. हे खुलवणारं रसायन पुष्कळदा बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए असतं. काही कडक प्लॅस्टिकच्या बाटल्यांत हेच बीपीए साखळीत जखडलेलं असतं आणि अगदी थोडं सुटतं. बिलावर ते मोकळं असतं, म्हणून बोटाला लागतं. ते शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं, हे लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखवलं होतं. बाळाची घडण हार्मोनच्या अगदी सूक्ष्म मात्रांवर चालते, म्हणून या दिवसांत जपायचं.

आता दिलाशाचं. बीपीए डीडीटी या कीटकनाशकासारखं चरबीत साठून राहत नाही. बहुतेक सगळं काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं. आज हात जपलात तर त्याचा गुण थोड्याच दिवसांत दिसतो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ जणांनी सलग दोन तास अशी बिलं हाताळली. उघड्या हातांनी हाताळल्यावर लघवीतलं बीपीए सुमारे तिप्पट झालं. हातमोजे घातल्यावर तशी वाढ दिसली नाही.

तेव्हा नायट्राइलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे हातमोजे घ्या, मेडिकलमध्ये मिळतात. व्हिनाइलचे घेऊ नका. ते पीव्हीसी प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांना मऊ करायला पुष्कळदा थॅलेट नावाचं रसायन घालतात, तेही हार्मोन बिघडवणारंच. दिवसभर मोजे नकोसे झाले तर निदान रोल बदलताना आणि गर्दीच्या वेळी घाला.

काउंटरवर सॅनिटायझरची बाटली असेलच. ओल्या हातानं बिल धरू नका. सॅनिटायझर आणि हाताचं क्रीम, दोन्हींमुळे बीपीए कातडीतून जास्त आत जातं. डबा खाण्याआधी साबण आणि पाणीच हवं.

तुमचं पत्र आल्यावर आमच्या घराखालच्या मेडिकलमध्ये मी मुद्दाम थोडा वेळ उभी राहिले. तिथली मुलगी पिशवी सुटी करायला बोट जिभेला लावत होती आणि त्याच बोटानं बिल फाडत होती. दहा मिनिटांत सात वेळा. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. तुम्हालाही ही सवय असेल तर ती आजच सोडा. पोस्टात असतो तसा ओला स्पंज शेजारी ठेवा.

मालकांशीही बोला. युरोपात २०२० पासून अशा कागदात वजनाच्या ०.०२ टक्के किंवा त्याहून जास्त बीपीए चालत नाही. मात्र ‘बीपीए-फ्री’ एवढंच वाचून रोल घेऊ नका म्हणावं. त्यात पुष्कळदा बीपीएस, म्हणजे बिस्फेनॉल एस असतं, त्याचंच भावंड. बिस्फेनॉलच नसलेला रोल मागायला सांगा. ज्यांना चालेल त्यांना बिल मोबाइलवर पाठवलं तर तेवढा कागद वाचेल.

जाता जाता आणखी थोडं सांगते. दुकानात चार वाजता प्लॅस्टिकच्या पिशवीतून उकळता चहा येत असेल, तर तो तुम्ही घेऊ नका. स्टीलचा थर्मास पाठवा, चहावाला भरून देईल. उरलेली जुनी बिलं सासूबाईंना डाळी-मसाल्याच्या पुड्या बांधायला देऊ नका, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तुमचं काम नेमकं काय आहे ते सांगा.