सगळे हादरले, मग मलाच काही का झालं नाही?

काही प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर दोन-तीन महिन्यांनी हजेरी लावतात. त्यातला हा एक. "सगळे रडत होते, मी कोरडीच. मी दगड झालेय का?" कुणी मयताला गेल्यावरचं सांगतं, कुणी सिनेमाचं. गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या, त्या कादंबरीमुळे.

वय एकेचाळीस, बँकेत नोकरी, घर पुण्यात, माहेर साताऱ्याकडचं. (त्यांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) त्यांच्या वाचनकट्ट्याने डेव्हिड दियोप यांची 'ॲट नाइट ऑल ब्लड इज ब्लॅक' निवडली होती. मूळ फ्रेंच, २०१८ची. इंग्रजी अनुवादाला २०२१चं इंटरनॅशनल बुकर मिळालं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढणारा सेनेगलचा एक तरुण, अल्फा. त्याचा भावापेक्षा जवळचा मित्र पोट फाटून पडतो आणि तीनदा विनवतो, मला मारून टाक. अल्फाला ते जमत नाही. मित्र तळमळत मरतो. त्यानंतर अल्फा रात्रीच्या अंधारात शत्रूकडे सरपटत जातो आणि परतताना बंदुकीसोबत तोडलेला एक हात घेऊन येतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

कट्ट्यावर बरीच खडाजंगी झाली म्हणे. एकीला पुस्तक किळसवाणं वाटलं, चाळिसाव्या पानावरच मिटलं. एकीला भाषा मंत्रासारखी वाटली. 'देवाची शपथ' हे पालुपद शंभर वेळा कशाला, असं एकाचं म्हणणं. एक गृहस्थ म्हणाले, "हे तिकडचं. आपल्या जवानांत असलं काही होत नाही." बाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ठीक आहे. जरा रटाळ." आणि वर हसल्या.

"शेजारची मला म्हणाली, तुला काळीज आहे की नाही? मॅडम, तीन आठवडे झाले, तेच डोक्यात फिरतंय."

पहिल्या भेटीत मी चुकले, हे आधीच कबूल करते. झोप, भूक, घर, नोकरी, सगळं विचारून झालं. सगळं जागच्या जागी होतं. मी म्हटलं, प्रत्येकाची वाचायची तऱ्हा वेगळी असते. त्यांनी मान डोलावली, पर्स उचलली आणि दारातून म्हणाल्या, "ते मला माहीतच होतं." बावीस वर्षांच्या अनुभवाने एवढं तरी शिकवलंय की दारातलं वाक्य वहीत लिहून ठेवायचं असतं.

पुढच्या वेळी मी एकच गोष्ट विचारली. "तुम्ही हसलात ते नेमकं कधी?"

"म्हणजे?"

"कोण काय बोलल्यावर?"

त्यांना बराच वेळ लागला. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होऊन निघूनही गेली. "ते गृहस्थ बोलले ना, आपल्या जवानांत असलं होत नाही... त्याच्यावर."

म्हणजे हसू पुस्तकावर नव्हतंच.

मग पुस्तकातलं एकच ठिकाण त्यांनी सांगितलं. अल्फा पहिले तीन हात आणतो तेव्हा पलटण त्याची पाठ थोपटते. चौथ्यापासून तेच सोबती त्याला घाबरतात, आत्मे खाणारा म्हणतात. "माणूस तोच, हातही तसलेच. तीनपर्यंत वीर आणि चौथ्याला भूत. आमच्या आबांचंही असंच झालं."

आबा म्हणजे बाईंचे वडील, फौजेत हवालदार होते. १९८७ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले. ऑक्टोबरात जाफन्यात लढाई पेटली. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे १२०० भारतीय जवान गेले होते. तिथे रस्त्यातल्या मोऱ्यांखाली सुरुंग पेरलेले असत. आबा घरी आले तेव्हा गावाने वेशीपासून मिरवत आणलं. वर्षभरात गावाच्या लक्षात आलं की हा माणूस मोरी दिसली की राजदूत थांबवतो, उतरतो, खाली वाकून बघतो आणि मगच पुढे जातो. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाणी किती आलंय बघतोय." वैशाखातसुद्धा! पोरांनी नाव पाडलं, मोरीवाला.

"गावापासून साताऱ्यापर्यंत अकरा मोऱ्या. मी टाकीवर बसून मोजायचे. अकरा वेळा उतरायचं, अकरा वेळा बसायचं. पुस्तकात तेच तेच येतं म्हणून लोक वैतागले. मला वाटलं, एवढंच?"

रटाळ हा शब्द कुठून आला ते तेव्हा कळलं. आणि इथे मला मनोविश्लेषणवाला फ्रॉइड आठवतो, जरी हल्ली त्याचं नाव काढलं की आमच्या कामातल्या नव्या मुली हसतात. युद्धावरून आलेले सैनिक स्वप्नात पुन्हा पुन्हा त्याच क्षणी का जातात, या कोड्याशी तो १९२० साली झगडला होता. ज्यांना ते पालुपद खटकलं त्यांनी कादंबरी चुकीची वाचली असं मी म्हणणार नाही. पण जखम अशीच बोलते, तेच तेच.

पुढचं त्या चौथ्या भेटीत बोलल्या. तेरा वर्षांच्या होत्या. शाळेच्या मैत्रिणी एसटीच्या खिडकीतून बघत होत्या. "आबा, थांबू नका ना, लोक हसतात." त्या दिवशी आबा थांबले नाहीत. सगळ्या मोऱ्या सरळ पार केल्या. "त्यांचे हात हँडलवर थरथरत होते. मला टाकीवर जाणवत होतं. त्यानंतर त्यांनी मला कधीच साताऱ्याला नेलं नाही." बाई रडल्या नाहीत. स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मीही काही बोलले नाही.

कोरडेपणा काळजाचा नव्हता, लाजेचा होता. अठ्ठावीस वर्षं धरून ठेवलेल्या लाजेचा.

आता तुमच्यापैकी ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी. पुस्तक वाचून काही वाटलं नाही याला मी दोष मानत नाही. पण ते शेजारणीला आवडलं की नाही हे सोडा आणि स्वतःला विचारा, कुठल्या पानावर मन दुसरीकडे गेलं? कुठे घाईने पान उलटलं? उलट ज्यांची झोप उडते, त्यांनी पुस्तक खुशाल अर्ध्यावर ठेवावं; दिवसा वाचावं, कुणी जवळ असताना. पूर्ण वाचणं म्हणजे काही व्रत नाही.

घरात निवृत्त फौजी असेल तर असलं पुस्तक त्यांच्या हातात देऊ नका. 'बोला, मोकळे व्हा' असा धोशाही लावू नका. पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज सैनिकांना डॉक्टर रिव्हर्स भेटत, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं होतं की 'विसरून जा' हा सल्लाच रात्री अंगावर येतो. पण सगळं ओरबाडून बाहेर काढा, असंही ते म्हणत नव्हते. मी त्याच वाटेची. आमच्याकडे हल्ली वीस प्रश्नांचे तक्ते भरून घेतात. मी भरून घेत नाही असं नाही, पण मोरी त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. कादंबरीतला डॉक्टर तरी अल्फाला कागद देतो, चित्र काढायला सांगतो. भाषा कळत नसताना त्याने केलेलं ते काम मला फार भावलं. लेखकाच्या पणजोबांनीही ते युद्ध पाहिलं होतं आणि घरात चकार शब्द काढला नव्हता.

मात्र दचकणं, दारू, भयाण स्वप्नं महिना उलटून गेला तरी हटत नसतील, किंवा मरणाची भाषा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायचाच. माजी सैनिकांना ईसीएचएसच्या, म्हणजे त्यांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवता येतं. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

बाईंना मी आबांची माफी मागायला सांगितलं नाही. त्याही मला काही बोलल्या नाहीत. दिवाळीनंतर आल्या तेव्हा सांगितलं, आबांना गाडीत घालून साताऱ्याला डोळे तपासायला नेलं. पहिली मोरी आली तशी त्यांनीच गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दार उघडून उभ्या राहिल्या. आबा काही न विचारता उतरले. गुडघे धरून वाकले, खाली बघितलं.

"कोरडी आहे," म्हणाले.

पुढे रस्ता रुंद केलाय. दोघं मोजत गेले. अकरापैकी चारच उरल्यात.