वाचकांचे प्रश्न : संसार दोन देशांत, मृत्युपत्र कुठे करावे?

आखाती देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून मृत्युपत्राविषयी येणारी पत्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांतील बहुतेक पत्रे संयुक्त अरब अमिरातीतून आलेली असल्यामुळे या वेळचे सदर त्याच देशातल्या मुस्लिमेतर रहिवाशांच्या प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा असून १४ वर्षांपासून दुबईत अभियंता आहे. पत्नी, ११ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा माझ्यासोबत राहतात, तर आई साताऱ्याला असते. वडील हयात नाहीत. पुण्यात माझ्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे व त्याचे हप्ते चालू आहेत. दुबईत बचत खाते आणि मुदत ठेवी आहेत. मी मृत्युपत्र केलेले नाही. येथे हिंदूंचीही मालमत्ता शरीयतप्रमाणे वाटली जाते, असे सहकारी सांगतात. ते खरे आहे का? आणि एकच मृत्युपत्र दोन्ही देशांत चालेल का?
– एक वाचक, दुबई

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची माहिती जुनी झाली आहे. पूर्वी अशी भीती निराधार नव्हती. शरीयतच्या वाटणीत मुले असलेल्या पत्नीला आठवा हिस्सा मिळतो आणि मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट असतो. आता मात्र २०२२ चा संघीय हुकूम-कायदा क्रमांक ४१, जो १ फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आला, मुस्लिमेतरांसाठी वेगळी व्यवस्था सांगतो. मुस्लिमेतर व्यक्ती त्या देशातली आपली सगळी मिळकत मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देऊ शकते, आणि मृत्युपत्र नसेल तर निम्मी मिळकत पती किंवा पत्नीला व उरलेली निम्मी मुलांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता, समान मिळते.

हे वाचून आपल्याला हायसे वाटले असेल. पण खरी अडचण याच्या पुढे आहे. समजा, आपल्या दुबईच्या ठेवी आठ लाख दिरहम आहेत. तिथल्या कायद्याप्रमाणे पत्नीला चार लाख आणि मुलांना प्रत्येकी दोन लाख मिळतील, आईला काहीच नाही. पुण्याच्या फ्लॅटला मात्र १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होईल, ज्यात पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघे पहिल्या वर्गाचे वारस असल्यामुळे प्रत्येकाला चौथा हिस्सा जाईल. माणूस एकच, पण त्याची वाटणी दोन प्रकारे होते. शिवाय नोंदवलेले मृत्युपत्र नसेल, तर परदेशी व्यक्तीचा कोणताही वारस तिथल्या न्यायालयाला मायदेशाचा कायदा लावण्याची विनंती करू शकतो. म्हणजे एकाच कुटुंबातले दोन वारस एकाच ठेवीवर दोन कायदे घेऊन उभे राहू शकतात. आपल्या घरात असे होणार नाही अशी आपली खात्री असेल, आणि ती योग्यही असेल. तरीही न्यायालयाला ते कागदावर दिसावे लागते.

फ्लॅटविषयी एक बाब मला आग्रहाने सांगायची आहे, कारण ती जवळजवळ कोणाच्याच लक्षात येत नाही. आपली मुले अज्ञान, म्हणजे कायद्याच्या भाषेत अल्पवयीन, आहेत. मृत्युपत्राविना त्यांना फ्लॅटमध्ये प्रत्येकी चौथा हिस्सा मिळाला, तर तो हिस्सा त्यांची आईसुद्धा न्यायालयाच्या परवानगीवाचून विकू शकत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम ८ तसे सांगते. हप्ते थकलेले, पगार बंद झालेला आणि घर विकून कर्ज फेडण्यासाठी आधी जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, अशी वेळ पत्नीवर येते. फ्लॅट पत्नीला देणाऱ्या दोन पानी मृत्युपत्राने हे टळते.

काही वर्षांपूर्वी एक तरुण विधवा दुबईहून थेट माझ्या कार्यालयात आली होती. तिच्या हातात प्लॅस्टिकचे एक पारदर्शक फोल्डर होते. त्यात मृत्यू दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि घरभाड्याच्या पुढील तारखांच्या धनादेशांची छायाप्रत होती. तिकडे वर्षाचे भाडे असे आगाऊ धनादेशांनी देतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. पतीच्या निधनाची बातमी कळताच बँकेने दोघांचे संयुक्त खाते गोठवले होते आणि तिसरा धनादेश पुढच्याच आठवड्यात वटायचा होता. खात्यात पैसे होते, पण ते तिला काढता येत नव्हते. मृत्युपत्र नसल्यामुळे तिला इकडून वारस दाखला न्यावा लागणार होता. तो महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालय देते. त्यासाठी जाहीर नोटीस निघते, हरकतींची मुदत जावी लागते, आणि दाखला हाती आल्यावरही राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास आणि शेवटी तिथले परराष्ट्र मंत्रालय असे शिक्के घेत, अरबी भाषांतर करून तो तिकडे पोहोचतो. ती बाई प्रत्येक तारखेला येऊन बाकावर बसायची आणि भाड्याची छायाप्रत उलटसुलट करायची. म्हणून मृत्युपत्राइतकीच एक साधी गोष्ट सुचवतो : पत्नीच्या एकटीच्या नावाने दुबईत खाते उघडा आणि चार-सहा महिन्यांचा खर्च त्यात कायम ठेवा. नोकरीची देणी यापेक्षा लवकर मिळतात. २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे मृत कर्मचाऱ्याचे थकीत वेतन व ग्रॅच्युइटी मालकाने दहा दिवसांत कुटुंबाला द्यायची असते.

आता आपला शेवटचा प्रश्न. एकच मृत्युपत्र दोन्ही देशांत चालवणे कायद्याने अशक्य नाही. बाहेरच्या न्यायालयात सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची प्रमाणित प्रत आणून भारतात पुढची कारवाई करता येते. तरी मी तसा सल्ला देत नाही. एका देशातले काम संपेपर्यंत दुसऱ्या देशातले अडून राहते. दोन मृत्युपत्रे करा, एक अमिरातीतील मिळकतीपुरते आणि दुसरे भारतातील मिळकतीपुरते. तिकडचे मृत्युपत्र २०१५ पासून चालू असलेल्या दुबई आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राच्या नोंदणी कार्यालयात इंग्रजीत नोंदवता येते. दुबई न्यायालयांच्या नोटरीकडे किंवा अबू धाबीच्या न्याय विभागातही सोय आहे. वित्त केंद्राचे शुल्क एका संपूर्ण मृत्युपत्राला सुमारे १०,००० दिरहम आणि पती-पत्नींच्या जोडीला सुमारे १५,००० दिरहम असते, अबू धाबीत त्याहून बरेच कमी. इकडचे मृत्युपत्र पुढच्या सुट्टीत पुण्याला आलात की करा. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ते आपल्याहून वयाने लहान असावेत आणि त्यांना मृत्युपत्रातून काही मिळणारे नसावे. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले मृत्युपत्र गहाळ होत नाही, आणि सही खोटी आहे असे म्हणणाऱ्याचे बळही त्याने कमी होते.

दोन मृत्युपत्रे करताना एका वाक्यावर लाल रेघ मारा. आपल्याकडच्या छापील मसुद्यांत पहिल्या परिच्छेदातच असते : ‘यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी याद्वारे रद्द करीत आहे.’ दुबईत नोंदणी करून आलेल्या माणसाने पुण्यात या वाक्याखाली सही केली, की हजारो दिरहम भरून केलेले मृत्युपत्र त्याच क्षणी रद्द होऊ शकते. त्याऐवजी असे लिहा : ‘हे मृत्युपत्र केवळ माझ्या भारतातील स्थावर व जंगम मिळकतीपुरते आहे, संयुक्त अरब अमिरातीतील मिळकतीसंबंधी मी केलेल्या मृत्युपत्रास याने बाधा येत नाही.’ तिकडच्या मृत्युपत्रातही याचेच प्रतिबिंब असू द्या.

प्रश्न : आम्ही दोघेही शारजात नोकरी करतो. मालमत्ता फारशी नाही. आम्हा दोघांचे एकदम काही झाले तर पाच वर्षांच्या मुलीचे काय होईल, एवढीच काळजी आहे. नाशिकला माझी बहीण तिला सांभाळायला तयार आहे.
– एक वाचक भगिनी, शारजा

उत्तर : मालमत्ता नसली तरी आपल्याला मृत्युपत्राची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. एक पालक हयात असेल तर मुलीचा ताबा सहसा त्याच्याकडेच राहतो. दोघेही नसतील, तर मात्र त्या देशात तिचे कोणीच नाही. आणि बहिणीला व्हिसा काढून, विमान पकडून, नाते सिद्ध करणारे कागद घेऊन पोहोचायला दिवस लागतील. त्या दिवसांत मुलगी कोणाच्या घरी झोपेल, हे आपण आज ठरवायचे आहे.

यासाठी मृत्युपत्रात दोन पालक नेमतात. अमिरातीतच राहणारे, मुलगी ज्यांना ओळखते असे शेजारी किंवा मित्र तात्पुरते पालक, आणि आपली बहीण कायमची पालक. दोघांचीही लेखी संमती घ्या. फक्त पालकत्वापुरते मृत्युपत्रही नोंदवता येते आणि ते संपूर्ण मृत्युपत्राहून स्वस्त पडते. बहिणीचे नाव भारतातील मृत्युपत्रातही लिहा, कारण हिंदू आई-वडिलांना मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार पालकत्व कायद्याच्या कलम ९ ने दिला आहे. ही नेमणूक आपण दोघांनीही स्वतंत्रपणे, आपापल्या मृत्युपत्रात आणि एकाच नावाने करावी. नवऱ्याने आपल्या भावाचे आणि आपण आपल्या बहिणीचे नाव लिहिले, तर मुलीसाठी दोन्ही घरे न्यायालयात उभी राहतील. मुलीच्या जन्म दाखल्याची साक्षांकित प्रत त्या शेजाऱ्यांकडे आजच देऊन ठेवा.

प्रश्न : मी मूळचा डिचोलीचा, सध्या अबू धाबीत आहे. गोव्यातील घर मोठ्या मुलाला एकट्याला द्यायचे आहे. अबू धाबीत मृत्युपत्र केले तर चालेल का?
– एक वाचक, अबू धाबी

उत्तर : गोव्याच्या घरासाठी चालणार नाही, असेच समजून चला. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेली व्यवस्था आजही लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची मिळकत समाईक असते, म्हणजे निम्मी मुळातच आपल्या पत्नीची आहे. उरलेल्या आपल्या निम्म्यापैकीही अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. एकूण मिळकतीचा चौथा भागच आपण मनाप्रमाणे देऊ शकता, आणि त्यासाठीचे मृत्युपत्र गोव्यातच विशेष नोटरीपुढे करणे उत्तम. घराची किंमत त्या मर्यादेत बसते का, हे सर्व मिळकतीचा हिशेब मांडूनच कळेल. आपला मुंबईत किंवा पुण्यात फ्लॅट असेल तर तोही या हिशेबात धरा. गोमंतकीयाच्या गोव्याबाहेरील, पण भारतातील मिळकतीलाही हाच कायदा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अबू धाबीतील बचतीसाठी तिथे वेगळे मृत्युपत्र करा आणि त्यात पत्नीचा निम्मा वाटा मान्य करूनच पुढची वाटणी लिहा, म्हणजे दोन कायद्यांत झगडा उरणार नाही.

प्रश्न : लग्नापूर्वी पुण्याच्या सोसायटीत मी धाकट्या भावाला नॉमिनी केले होते. फ्लॅट त्याचा होईल का?
– एक वाचक, अल ऐन

उत्तर : नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, मालक होत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नॉमिनी मालक ठरत नाही असेच सांगितले. तरी नाव बदलून घ्या. हातात कागद भावाचा आणि हक्क पत्नीचा, अशा स्थितीत चांगली नाती बिघडलेली मी पाहिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा दुबईत आहे. मृत्युपत्राचे बोलले की घरात सगळे ‘अभद्र बोलू नका’ म्हणतात. मला त्याच्या पैशातले काही नको. सुनेला पुढे त्रास नको म्हणून मी आत्ताच हक्कसोड पत्र लिहून देऊ का?
– एक माता, कोल्हापूर

उत्तर : माई, आपल्या मनाचा मोठेपणा कळला, पण असे पत्र आज लिहून त्याला अर्थ राहणार नाही. मुलगा हयात असताना त्याच्या मिळकतीत आपला हक्कच जन्माला आलेला नाही, आणि पुढे मिळू शकणारा वारसा आधी सोडून देता किंवा हस्तांतरित करता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६ तसे सांगते. हे काम मुलाच्या मृत्युपत्रानेच होईल, आणि त्यात त्याने आपल्या औषधपाण्यासाठी काही ठेवले तर ते नाकारू नका. आपण स्वतः करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. कोल्हापूरचे घर आपल्या नावावर असेल तर आपले मृत्युपत्र आपण आधी करा. दुय्यम निबंधकाकडून घरी आलात की नोंदवलेल्या मृत्युपत्राची एक प्रत मुलाला पाठवा. त्यानंतर या विषयाला घरात कोणी अभद्र म्हणणार नाही.