शिडाच्या बोटीवर सोलर बसवायचा आहे: पॅनेल किती वॅटचं आणि कंट्रोलर कोणता?

तुम्ही विचारलंय की बोट ३१ फुटी आहे, ऑक्टोबर ते मे मुंबई-गोवा किनाऱ्याने फिरायचंय, तर २०० वॅट पुरतील की ४०० लागतील, कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) पीडब्ल्यूएम प्रकारचा घ्यावा की एमपीपीटी, आणि घराच्या छपरावरचं मोठं पॅनेल चालेल का. माझी बोट २९ फुटी आहे आणि याच पट्ट्यात मी सहा हंगाम काढलेत. वॅट आणि कंट्रोलरकडे वळण्याआधी एक कळकळीची विनंती: पैसे खर्च करायच्या आधी एक पूर्ण दिवस बोटीवर बसून सावली कुठून कुठे सरकते ते बघा. घराच्या छपरावर हा प्रश्न फारसा येत नाही. शिडाच्या बोटीवर डोलकाठी, बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा), शीड आणि दहा-बारा दोर कायम डोक्यावर असतात.

पहिल्या हंगामात मी १०० वॅटची दोन पॅनेलं बिमिनीवर (बोटीच्या मागच्या बाजूच्या कापडी छतावर) आडवी, एकामागे एक बसवली होती. डिसेंबरातली सकाळ, विजयदुर्गच्या खाडीत नांगर टाकलेला, साडेआठ वाजलेले, आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि मीटर अर्ध्या अँपिअरवर. कनेक्टर काढून पुन्हा लावले, फ्यूज तपासला. मग मान वर केली तेव्हा दिसलं की डोलकाठी आणि बूम यांची हातभर रुंद सावली दोन्ही पॅनेलांच्या बरोबर मधून गेली होती. बूम दोरीने एका बाजूला ओढून बांधली, बोटीचं तोंड जरा वळलं, आणि आकडा साडेतीनच्या वर गेला. पॅनेल तेच, कंट्रोलर तोच.

असं का होतं? १२ व्होल्टच्या साध्या पॅनेलमध्ये ३६ सेल एकाच माळेत जोडलेले असतात. एक सेल सावलीत गेला की पाण्याच्या नळीला चिमटा काढल्यासारखा तो सगळ्या माळेचा प्रवाह अडवतो. म्हणून आत अडलेला भाग वगळून प्रवाहाला वाट देणारे बायपास डायोड दिलेले असतात, बहुतेक दोन, म्हणजे अर्धं पॅनेल बाद झालं तरी उरलेलं अर्धं चालावं. या माळा पॅनेलच्या लांबीला धरून जातात. आडव्या ठेवलेल्या पॅनेलच्या मधून बूमची सावली गेली तर ती दोन्ही अर्ध्या भागांना कापते आणि सगळंच बंद पडतं. तेच पॅनेल लांबीने नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) सुकाणूकडे ठेवलं तर तीच सावली एका अर्ध्यावर पडते आणि दुसरं अर्धं काम करत राहतं. हे मला त्या सकाळनंतर कळलं. दोन्ही पॅनेलं सोडवून उभी फिरवायला एक दुपार लागली.

आता आपल्या किनाऱ्याचं गणित. पहाटेपासून मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, वारा सुटतो, तेव्हा नांगरावरच्या बोटीची नाळ साधारण पूर्वेकडे असते आणि सूर्यही समोरूनच वर येतो. म्हणजे डोलकाठीची सावली थेट मागच्या बाजूला, जिथे बहुतेक लोक पॅनेल लावतात. खाडीत भरती-ओहोटीचा ओढ जोरात असेल तर बोट वेगळी फिरते, पण अनेक सकाळी हेच होतं. दुपारी वारा वायव्येकडून येतो. गोव्याकडे जाताना शीड डावीकडे, सूर्य उजवीकडे, म्हणून सावली डाव्या पॅनेलवर. परत मुंबईकडे वाऱ्याला भिडून येताना शीड उजवीकडे आणि बोटही उजवीकडे कललेली, म्हणजे पॅनेलं सूर्याकडे पाठ फिरवतात. मार्चातल्या दुपारी चार वाजता बोट १५ अंश कललेली असेल तर सपाट बोटीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊन हुकतं. परतीच्या प्रवासाचा हिशोब याच घटीसह धरा.

म्हणून माझं मत ठाम आहे: एक मोठं पॅनेल घेऊ नका. दोन घ्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, जमेल तितकी मागे आणि बूमच्या टोकापलीकडे, आणि प्रत्येकाला स्वतःचा छोटा कंट्रोलर द्या. दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीला खुशाल जोडता येतात. एक बाजू सावलीत गेली तरी दुसरीला कळतही नाही, आणि भर समुद्रात एक कंट्रोलर बिघडला तरी दिवे लागतात. दोन कंट्रोलर परवडत नसतील तर पॅनेलं पॅरलल जोडा, म्हणजे दोन्हींचे प्लस एकत्र आणि मायनस एकत्र. सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडल्यास, वायर बारीक चालते हे खरं, पण बोटीवर सावली येणारच, आणि सिरीजमध्ये एका बाजूची सावली दुसरीलाही घेऊन बुडते.

किती वॅट? आपल्याकडे डिसेंबर ते मे सपाट पॅनेलला दिवसाकाठी साधारण पाच तास पूर्ण उन्हाइतकं ऊन मिळतं. उष्णता, मळ, सावली, कल यांचे ३० टक्के वजा करा. म्हणजे १०० वॅटमागे दिवसाला २५ ते २७ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक) बॅटरीत पडतात. आता खर्च मांडा, तोही अँपिअर-अवरमध्ये. माझ्या बोटीवर दिवसभर चालताना ऑटोपायलट १६, चार्टप्लॉटर (सागरी नकाशाचा पडदा) १०, व्हीएचएफ रेडिओ ५, डोलकाठीवरचा एलईडी दिवा अडीच, दोन पंखे आणि आतले दिवे ८, फोन आणि लॅपटॉप ८. झाले पन्नासच्या आसपास. २०० वॅटमध्ये हे बसतं. फ्रिज आला की चित्र पालटतं: एप्रिलच्या उकाड्यात छोटा फ्रिजसुद्धा एकटा ४५ ते ५० खातो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर फ्रिजवर आहे. फ्रिज नसेल तर १०० ची दोन, असेल तर १७० ते २०० ची दोन.

पीडब्ल्यूएम की एमपीपीटी यावर लोक फार टोकाचं बोलतात. पीडब्ल्यूएम पॅनेलला खेचून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, उरलेलं व्होल्टेज वाया. १०० वॅटचं पॅनेल १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं, बॅटरी १३ व्होल्टवर असेल तर तुमच्या हातात ७२ वॅट येतात. एमपीपीटी जास्तीचं व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलतो. पण जाहिरातीतला ३० टक्के फायदा थंड हवेतला आहे. कोकणच्या उन्हात सेल सहज ६५ अंशांवर जातात, तेव्हा तेच पॅनेल १५ व्होल्टवर आणि ८४ वॅटवर उतरतं. एमपीपीटीतून त्यातले ८० हाती लागतात. म्हणजे फरक ११-१२ टक्क्यांचा. तरीही मी एमपीपीटीच घ्या म्हणेन, कारण बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे चार्जिंग नीट बदलता येतं आणि पुढे जास्त व्होल्टेजचं पॅनेल घेता येतं. माझ्याकडे व्हिक्ट्रॉन कंपनीचे ७५/१५ दोन आहेत. यातले ७५ म्हणजे पॅनेलचं कमाल व्होल्टेज आणि १५ म्हणजे बॅटरीकडे जाणारे कमाल अँपिअर. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक कंट्रोलर २२० वॅटपर्यंत पुरतो. फोनवर दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे दिसतात, आणि सावली पकडायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही.

घराच्या छपरावरचं ५४० वॅटचं पॅनेल नको. सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरहून जरा कमी रुंद, वजन २८ किलोच्या घरात. वाऱ्यात ते पॅनेल राहत नाही, दुसरं शीड होतं. आणि चिकटवायची वाकणारी पॅनेलंही डेकवर नकोत. मी लावली होती. खालून हवा नाही, वरून पाय पडतात. दुसऱ्या हंगामात एका सेलच्या पट्टीजवळ दोन रुपयांच्या नाण्याएवढा तपकिरी डाग आला, हात लावला तर चटका बसला, आणि महिन्याभरात ते पॅनेल संपलं. दुकानदार म्हणाला, बोटीवर वॉरंटी नाही. ॲल्युमिनियम चौकटीचं काचेचं पॅनेल घ्या आणि खाली दोन-तीन इंच मोकळी हवा ठेवा. स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घालायला विसरू नका, खाऱ्या हवेत त्या जोडावर पांढरी भुकटी धरते आणि चौकट खाल्ली जाते.

बॅटरी लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), असेल तर कंट्रोलरमध्ये तोच प्रकार निवडा आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणारी सोय बंद करा. शिशाच्या बॅटरीला मात्र ती सोय चालूच हवी, आपल्या उकाड्यात त्याशिवाय बॅटरी शिजते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी बोटीवर आणू नका. बोट कलली की आम्ल सांडतं.

वायर टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच घ्या. साधं तांबं एका पावसाळ्यात आतून काळं पडतं आणि वरून काही दिसत नाही. दोन्ही पॅनेलं पॅरलल, ११ अँपिअर, पॅनेल ते कंट्रोलर ८ मीटर असं असेल तर ६ स्क्वेअर एमएम वायरमध्ये अर्धा व्होल्ट पडतो, तेवढं चालतं. त्यापेक्षा बारीक नको. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना उलट, आधी पॅनेल.

मे संपता संपता बोट वर काढून ताडपत्रीखाली जाईल तेव्हा पॅनेलांना ऊन नसेल, पण कंट्रोलर बॅटरीतून थोडं थोडं पीत राहतो. माझा एक कंट्रोलर २५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला ०.६ अँपिअर-अवर. दोघांचे मिळून चार महिन्यांत १४० च्या पुढे जातात. तुमची बॅटरी १०० ची असेल तर ऑगस्टच्या शेवटापर्यंत ती पार रिकामी. त्यामुळे ताडपत्री बांधायच्या आधी पॅनेलचे कनेक्टर सोडवा, मग दोन्ही कंट्रोलरचे बॅटरीकडचे फ्यूज काढून खिशात घाला.