वाचकांचे प्रश्न : न्यायमूर्ती पेरी, रूढी आणि मुलींचा वाटा

मागील अंकात गोव्याच्या वारसा कायद्याविषयी लिहिताना मुंबईच्या जुन्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर टॉमस अर्स्किन पेरी यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : हे पेरी कोण? इंग्लंडमधला एखादा वकील थेट मुंबईच्या न्यायासनावर कसा येऊन बसत असे? त्यांचा गोव्याशी काही संबंध आला होता का? (निवृत्त शिक्षक, डिचोली)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गोवा पेरी यांच्या अधिकारकक्षेत कधीच नव्हता. गोव्याचे वरिष्ठ न्यायालय, म्हणजे रेलासांव, १५४४ सालापासून स्वतंत्रपणे चालत होते. ज्या कोर्टात पेरी बसत त्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा अंमलही आजच्या नावावरून वाटतो तेवढा मोठा नव्हता. १८२३च्या सनदेने स्थापन झालेले हे राजाचे न्यायालय मुख्यतः मुंबई बेटापुरते आणि ब्रिटिश प्रजाजनांपुरते होते, आणि बेटाबाहेरच्या रयतेचे दावे कंपनीच्या अदालतींत चालत. या दोन व्यवस्था १८६२ साली एकत्र झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले.

पेरी यांचा जन्म १८०६ सालचा. त्यांचे वडील जेम्स पेरी हे लंडनच्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या वृत्तपत्राचे मालक आणि संपादक. १७९३ साली त्या पत्रावर राजद्रोही मजकुराचा खटला भरला गेला, तेव्हा टॉमस अर्स्किन या नामांकित वकिलाने त्यांचा बचाव केला आणि ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. तेच नाव पुढे मुलाने लावले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून पदवी आणि काही काळ म्युनिकमध्ये अध्ययन, असा प्रवास करून हा मुलगा १८३४ साली बॅरिस्टर झाला. सुरुवातीची वर्षे त्यांनी मुख्यतः वरिष्ठ न्यायालयांतले निवाडे टिपून ते छापण्यात घालवली. हे काम कमी प्रतिष्ठेचे मानले जाई, पण न्यायाधीश नेमके कोणत्या शब्दावर निर्णय तोलतात हे त्यात रोज पाहायला मिळे. मुंबईतल्या त्यांच्या निवाड्यांत ही सवय दिसते.

१८४० साली एक पेढी बुडाली आणि त्यांची बरीचशी मालमत्ता गेली. त्यानंतर त्यांनी सरकारकडे न्यायाधीशपदासाठी अर्ज केला. १८४१ साली त्यांना ‘सर’ किताब मिळाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी मुंबईत न्यायाधीशपदाची शपथ घेतली. १८४७ साली ते मुख्य न्यायाधीश झाले आणि १८५२ साली निवृत्त होऊन परत गेले. वसाहतीतल्या न्यायाधीशांची वाट बहुधा अशीच असे : इंग्लंडमधली बेताची वकिली, पैशाची निकड, ओळखीपाळखीचा आधार आणि मग समुद्रापारची नेमणूक. ज्या समाजाचा न्याय करायचा त्याची भाषा येते की नाही, हे नेमणुकीच्या वेळी कोणी विचारत नसे.

गोव्यातल्या वकील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. मुंबईत असतानाच पेरी यांनी सावीनी या जर्मन कायदेपंडिताच्या ‘ताबा’ या विषयावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १८४८ साली प्रसिद्ध झाले. रोमन कायद्यातली ताब्याची जी कल्पना त्या ग्रंथात उलगडली आहे तीच पोर्तुगीज नागरी संहितेच्या मुळाशी आहे, आणि आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यांत ती आजही रोज बोलली जाते.

प्रश्न : पेरी यांनी १८४७ साली मुसलमान मुलींचा वारसाहक्क नाकारला, असे अभ्यासात वाचले. कुराणात मुलींचा वाटा स्पष्ट सांगितलेला असताना हे कसे शक्य झाले? गोव्यात तर मुलगा आणि मुलगी समान वारस आहेत. (कायद्याची विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : हा खटला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईतल्या खोजा समाजातल्या मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे आपला वाटा मिळावा म्हणून दावे केले. ‘हीरबाई विरुद्ध सोनबाई’ या नावाने ते कायद्याच्या पुस्तकांत आहेत. त्यांच्याबरोबरच कच्छी मेमन समाजातलाही एक दावा ऐकला गेला. हे दोन्ही समाज मूळचे हिंदू, कच्छ-काठेवाडकडचे व्यापारी. धर्म बदलला तरी मालमत्तेची वाटणी पूर्वीच्याच चालीने होत राहिली. तीत मुलगी बापाच्या घरात असेपर्यंत तिचे पालनपोषण आणि तिच्या लग्नाचा खर्च एवढाच तिचा अधिकार होता. इस्टेट मुलग्यांची.

मुलींच्या बाजूचा युक्तिवाद सरळ होता. कोर्टाच्या सनदेत असे कलम होते की मुसलमानांचा वारसा मुसलमानांच्या कायद्याने आणि वहिवाटीने ठरावा. आम्ही मुसलमान आहोत, आमचा कायदा कुराण, तेव्हा त्यात सांगितलेला वाटा द्या. पेरी यांनी त्या कलमाचा उगम शोधला. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली बंगालसाठी घातलेला नियम १७८१च्या कायद्यात उतरला आणि तिथून तो मुंबईच्या सनदेत आला. त्यांचे म्हणणे असे की, हा नियम करणाऱ्यांना कुराण हा धर्मग्रंथ इंग्रजी कोर्टात लागू करायचा नव्हता. जिंकलेल्या प्रजेला तिच्या स्वतःच्या चालीरीतींवर राहू द्यावे, एवढेच त्यांच्या मनात होते. म्हणून मुसलमानांतला एखादा गट पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वहिवाटीने चालत आला असेल, तर त्या वहिवाटीलाच कलमाचे संरक्षण आहे. मग प्रश्न उरला तो एवढाच की ती वहिवाट खरोखर होती का. साक्षीपुराव्यावरून ती होती असे त्यांनी ठरवले.

इथे पुढची पायरी आली. रूढी सिद्ध झाली तरी ती अवाजवी असेल तर इंग्रजी कायदा तिला मान्यता देत नाही. मुलींना वाटाच न देणारी रूढी अवाजवी नाही का? पेरी यांनी उत्तर दिले की, इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही, कारण इंग्लंडमध्येही मुलगा असेल तर स्थावर मालमत्ता मुलीकडे जात नाही. दावे खर्चासह फेटाळले गेले.

या निवाड्याची एक बाजू मला आजही पटते. ग्रंथात काय लिहिले आहे त्यापेक्षा माणसे कशी वागतात हे कोर्टाने आधी विचारावे, हा आग्रह त्या काळात दुर्मीळ होता. मौलवी आणि शास्त्री यांना विचारून एका धर्माच्या सगळ्या माणसांना एकच पोथी लावण्याची सवय इंग्रजी कोर्टांना लागलेली होती. पण दुसरी बाजू मी दृष्टिआड करू शकत नाही. समाजाची रूढी म्हणजे कोणाची रूढी? जिचा वाटा जातो तिने ती मान्य केली होती का, हा प्रश्न त्या तर्कात कुठेच बसत नाही. ज्या मुली दावा घेऊन कोर्टाच्या पायरीपर्यंत आल्या, त्यांनी ती मान्य केलेली नव्हती, आणि त्याही त्याच समाजातल्या होत्या. एखादी चाल जुनी आहे एवढ्यावरून ती सर्वांची आहे असे धरले, की जिच्या विरुद्ध ती चालते तिचा आवाज पुराव्यात येतच नाही.

आता गोव्याविषयी. आपल्याकडेही रूढीला मान देण्याची परंपरा जुनी आहे. गावकरीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, वहिवाटी १५२६च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, लिहून घेतल्या गेल्या. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या भागांतल्या, लोकांच्या चालीरीतींची संहिता १८५३ साली झाली. योगायोग असा की, पेरी यांनी आपल्या निवडक निवाड्यांचा संग्रह लंडनमध्ये त्याच वर्षी छापला. पण पुढे दोन्हीकडचे रस्ते वेगळे झाले. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० सालापासून गोव्यात लागू झाली. १८८०च्या फर्मानाने हिंदूंच्या काही चाली राखल्या गेल्या, तरी मुलगा-मुलगी समान वारस आणि पती-पत्नी निम्म्या-निम्म्या मालमत्तेचे धनी, हा पाया टिकला. आजही पालकाला मृत्युपत्राने फक्त अर्ध्या मालमत्तेची मनाप्रमाणे व्यवस्था लावता येते, उरलेली अर्धी मुलांसाठी, म्हणजे मुलींसाठीही, राखीव असते. वारसांची नावे आणि मालमत्तेची यादी इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांत वाटणी करण्याच्या कोर्टातल्या कामकाजात, येते तेव्हा सासरी गेलेल्या मुलीचे नाव गाळता येत नाही. जमीन विकायला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलेल्या माणसाला कारकून आधी विचारतो की पत्नी आली आहे का. तिची सही नसेल तर कागद पुढे सरकत नाही.

असे असूनही आपल्याकडे भावांसाठी हक्कसोड लिहून देणाऱ्या बहिणी पुष्कळ आहेत, आणि त्या सहीच्या वेळी ‘आपल्यात अशीच चाल आहे’ हेच वाक्य ऐकू येते. हीरबाईच्या खटल्यात पुरावा म्हणून जे पुढे आले, तेही याहून फार वेगळे नव्हते. ज्यांच्यावर अशी सही करण्याची वेळ येईल त्यांनी आधी वाटा किती आहे ते लेखी समजून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : पेरी हे मराठीचे विरोधक होते, हे खरे आहे काय? (मराठी शाळेचे मुख्याध्यापक, पेडणे)

उत्तर : शिक्षणाचे माध्यम म्हणून मराठीला त्यांचा विरोध होता, हे खरे आहे. न्यायाधीशपदाबरोबरच ते १८४३पासून मुंबई इलाख्याच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष होते. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे आणि तुटपुंजा पैसा वरच्या वर्गांवर खर्च करावा, म्हणजे त्यांच्याकडून ज्ञान खाली झिरपेल, असे त्यांचे मत होते. बोर्डातच त्याला प्रखर विरोध झाला. कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी पूर्वी मराठीतून गणिताची पुस्तके तयार करवून घेतली होती, ते देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. नाना शंकरशेट यांनी १८४७ साली आपले मत लेखी नोंदवले की, या प्रांतातल्या लोकांना उपयुक्त ज्ञान द्यायचे तर त्यासाठी इंग्रजीपेक्षा देशी भाषाच अधिक सोयीच्या आहेत. बोर्डातले भारतीय सभासद त्यांच्याबरोबर होते. वाद सरकारपर्यंत गेला आणि तडजोड झाली.

माझ्या मते या वादात शंकरशेट बरोबर होते आणि पेरी चुकले. त्यांच्या चुकीची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यापर्यंत ते ज्ञान कधी झिरपलेच नाही. बोर्डाच्या १८५०-५१च्या अहवालात शिक्षण वरच्या वर्गांपुरते ठेवण्याचे समर्थन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनला दलितांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले, तेव्हा त्यांनी हाच अहवाल पुराव्यादाखल उद्धृत केला.

तरीही व्यक्तिशः पेरी यांना इथल्या मुलांविषयी आस्था होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या दादाभाई नौरोजींना विलायतेत बॅरिस्टर होण्यासाठी पाठवावे, अर्धा खर्च मी देतो, अर्धा पारशी पुढाऱ्यांनी द्यावा, असा प्रस्ताव त्यांनी १८४५च्या सुमारास मांडला होता. मुलगा तिकडे जाऊन ख्रिस्ती होईल या भीतीने तो बारगळला. भाषांमध्येही त्यांना खरा रस होता. भारतातल्या प्रमुख भाषा कोणत्या प्रदेशांत बोलल्या जातात यावर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १८५३ साली दीर्घ लेख लिहिला. मात्र त्याचा शेवट इंग्रजी ही सर्वांची सामाईक भाषा करता येईल का, या विचाराकडेच जातो.

प्रश्न : मुंबई सोडल्यानंतर त्यांनी काय केले? (वाचक, मडगाव)

उत्तर : निरोपाच्या वेळी इथल्या लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ सुमारे ५,००० पौंडांचा निधी जमवला. तो स्वतः न घेता कायद्याच्या अध्यापनासाठी वापरावा अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली आणि त्यातून मुंबईत न्यायशास्त्राचे ‘पेरी प्राध्यापक’ हे पद निर्माण झाले. १८५५ साली तिथे सुरू झालेल्या कायद्याच्या अध्यापनाचे रूपांतर पुढे गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात झाले.

इंग्लंडमध्ये ते १८५४ ते १८५९ या काळात डेव्हनपोर्टचे खासदार होते आणि नंतर १८८२पर्यंत भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सभासद. मघाच्या खटल्याच्या संदर्भात त्यांचे पार्लमेंटमधले एक काम सांगायलाच हवे. लग्न होताच स्त्रीची मालमत्ता नवऱ्याच्या हाती जाई, असा इंग्लंडचा कायदा होता. तो बदलावा म्हणून हजारो स्त्रियांनी सह्या केलेले अर्ज १८५६ साली पार्लमेंटपुढे आले आणि कनिष्ठ सभागृहात ते मांडण्यासाठी पेरी पुढे आले. पुढच्या वर्षी त्यांनी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे विधेयकही आणले. ते मंजूर झाले नाही. घटस्फोटाचा नवा कायदा त्याच वर्षी आला आणि त्यात विभक्त राहणाऱ्या पत्नींना थोडे संरक्षण मिळाल्यावर मूळ मागणी मागे पडली.

मुंबईच्या न्यायासनावर ज्यांनी मुलींना वाटा नाकारणारी रूढी वाजवी ठरवली, त्यांनीच दहा वर्षांनी स्वदेशातल्या जुन्या नियमाला अन्याय्य म्हटले. न्यायाधीशाने कायदा लावायचा आणि खासदाराने तो बदलायचा, असे त्याचे समर्थन करता येईल आणि ते अगदीच चुकीचे नाही. पण दोन्ही ठिकाणी नियम जुनाच होता; मुंबईत तो जुना असणे त्याच्या बाजूचा पुरावा ठरले आणि लंडनमध्ये ठरले नाही. पेरी यांचे निधन एप्रिल १८८२मध्ये झाले. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क देणारा इंग्लंडचा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंजूर झाला.