प्रश्न माझ्याविषयी, उत्तरे सासूबाईंची

सातारा जिल्ह्यातील एक वाचक लिहितात: "मुलगी झाली आणि तिसऱ्या आठवड्यापासून मला काही गोड लागेना. बाळ रडले तरी उठावेसे वाटत नसे. तीन महिन्यांनी सरकारी रुग्णालयात नेले. शेजारी सासूबाई, पाठीशी रांग. 'झोप लागते का?' असे डॉक्टरांनी विचारले, तर सासूबाई म्हणाल्या, 'लागते की, दिवसभर पडूनच असते.' गोळ्यांनी आता सावरले आहे. आमच्या गल्लीतल्या दोन बाळंतिणींचे तसेच चालले आहे. रुग्णालयात हे बदला म्हणून सांगावेसे वाटते, पण यजमान म्हणतात, झाकली मूठ राहू दे. काय करावे?"

ताई, तुमच्या सासूबाईंना मी दोष देणार नाही. तुम्हाला रुग्णालयात नेणाऱ्यांत त्याही होत्याच. पण पडून असणे म्हणजे झोप नव्हे, हे फक्त तुम्हाला ठाऊक होते आणि ते सांगण्याची संधी तुम्हाला मिळाली नाही. गोव्यातील मातांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले होते, आणि त्यामागे गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध व मुलगी होणे या गोष्टी असल्याचे दिसले होते. ज्या दुखण्याची मुळे घरात आहेत, त्याविषयीचे प्रश्न घरच्यांच्या देखत विचारले तर उत्तर 'सगळे ठीक आहे' असेच येणार.

म्हणून रुग्णालयाला अर्ज द्या आणि त्यात तुमची पहिली मागणी साधी असावी: दार लावून, बाळंतिणीशी एकटीशी दहा मिनिटे बोलणे. हे उपकार म्हणून मागायचे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार सरकारी सेवा मिळणे आणि आपल्या आजाराची माहिती गोपनीय राहणे हा रुग्णाचा हक्क आहे. इतकेच काय, दाखल झालेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये, असेही तो कायदा सांगतो.

दुसरी मागणी मला अधिक मोलाची वाटते. मानसोपचाराच्या ओपीडीला जायचे तर सुनेला घरात कारण द्यावे लागते. लसीकरणाला जायचे तर कोणी विचारत नाही. बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीला आई येतेच, तेव्हा समुपदेशक त्याच दिवशी, त्याच इमारतीत बसावा. आशाताईसुद्धा दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे 42 दिवसांत सहा वेळा येते, बाळाचे वजन करते, ताप पाहते. 'तुम्हाला स्वतःला कसे वाटते आहे?' हा प्रश्न तिच्या कामाचा भाग व्हावा, असेही अर्जात लिहा.

यजमानांची भीती खोटी नाही. गाव लहान असते आणि पुढे मुलीच्या लग्नापर्यंत बोलणारे बोलतात. पण अर्जात तुमच्या आजाराचा उल्लेख असण्याचे कारणच नाही. 'आम्ही गावातील माता' म्हणून पाच-सात जणींच्या सह्यांनी तो रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना द्यावा आणि एक प्रत रुग्णालयाच्या कारभारात लक्ष घालणाऱ्या रुग्ण कल्याण समितीला. एकटीचे नाव पुढे करण्याचा हट्ट धरू नका. मला तरी त्यात शौर्य दिसत नाही.

त्या दोघींना मात्र अर्जाच्या उत्तराची वाट पाहायला लावू नका. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या, मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. नदीवर किंवा शेतात जातानाही. स्वतःचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याचा विचार कोणी बोलून दाखवला, तर तिला एकटी न ठेवता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तुमच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घालून पोच घ्यायला विसरू नका.