विमानाच्या कडेची पांढरी रेघ

विमानांच्या फोटोंबद्दल आलेल्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकच आहे. फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसला, एडिट करून एअरलायनर्स डॉट नेट किंवा जेटफोटोजसारख्या संग्रहाकडे पाठवला आणि तपासणाऱ्यांनी दोन-चार शब्दांचं कारण देऊन तो परत केला. त्या शब्दांचा नेमका अर्थ काय आणि चूक कुठल्या पायरीवर झाली, हे या वेळी सविस्तर देतो आहोत. साधनांची नावं फोटोशॉप आणि लाइटरूममधली आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं थोडी बदलतील, काम तेच.

प्रश्न : निळ्या आकाशासमोरच्या विमानाचा माझा फोटो ‘हेलो’ असं कारण देऊन परत आला. मी नीट पाहिलं, पण मला कडेला काहीच दिसत नाही. (ठाणे)

हेलो म्हणजे विमानाच्या कडेला लागून उमटणारी, मुळात नसलेली रेघ किंवा पट्टा. पूर्ण फोटो पडद्यावर मावेल असा पाहत असाल, तर तो दिसणार नाहीच. फोटो १०० टक्के आकारात उघडा आणि विमानाच्या पाठीवरून नाकापासून शेपटीपर्यंत सावकाश सरकत जा. तरी शंका राहिली तर सगळ्यात वर कर्व्ह्जचा (उजेड-अंधार रेषेने बदलण्याच्या साधनाचा) एक तात्पुरता लेयर टाका आणि आकाशाचा टोन जिथे आहे, तिथे रेषा जवळजवळ उभी करा. आकाशातला बारीकसा फरकही ठळक होऊन समोर येतो. तपासून झालं की तो लेयर काढून टाकायला विसरू नका.

आता त्या कडेची रुंदी मोजा, कारण रुंदीवरूनच दोषाचं मूळ कळतं. १-२ पिक्सेलची कडक पांढरी रेघ असेल तर ती शार्पनिंगची, म्हणजे कडा धारदार करण्याची आहे. २०-३० पिक्सेल पसरलेला, विमानाभोवती मंद उजेड पडल्यासारखा पट्टा असेल तर तो शॅडोज (सावल्या उजळणं), क्लॅरिटी (उठाव वाढवणं) किंवा डीहेझचा (धुरकटपणा काढणं). हे स्लायडर एकेका पिक्सेलचा उजेड ठरवताना आजूबाजूचा भागही हिशेबात घेतात. पोटाखालची गडद सावली उजळायला शॅडोज +७० वर नेला, की सावलीला लागून असलेलं आकाशही थोडं उजळतं आणि विमानाखाली फिकट पट्टा तयार होतो. म्हणून शॅडोज सबंध फोटोवर +२० ते +२५ च्या पुढे नेऊ नका. पोट त्याहून उजळायचं असेल तर फक्त पोटाचा मास्क करून (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून) एक्स्पोजर वाढवा, तेही अर्ध्या स्टॉपच्या आतबाहेर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). क्लॅरिटी आणि डीहेझ आकाशावर लावूच नयेत, असं आमचं मत आहे.

हेलोचा आणखी एक प्रकार फार लोकांच्या लक्षात येत नाही. आकाशाचा नॉइज, म्हणजे खरखरीत दाणे, घालवायला आकाश निवडलं आणि निवड कडेपासून ३-४ पिक्सेल मागेच थांबली, तर विमानाभोवती दाणेदार कडं राहतं. बाकी आकाश गुळगुळीत आणि मध्येच ही खरखरीत किनार. उलट निवड विमानात घुसली, तर पाठीवरचे छोटे अँटेना विरघळतात. आकाश निवडल्यावर निवड १ पिक्सेलने आत घ्या, कडेला अर्धा ते १ पिक्सेल मऊपणा द्या आणि अँटेनाच्या जागा हाताने तपासा.

तयार झालेला हेलो क्लोन स्टँपने (एका जागेचे पिक्सेल दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाने) पुसायला मात्र जाऊ नका. आकाशाचा टोन विमानाच्या लांबीत सतत बदलत असतो, त्यामुळे पुसलेली जागा डागासारखी उठून दिसते. हेलो ज्या पायरीवर आला त्या पायरीवर परत जा.

प्रश्न : शार्पनिंग कमी केलं तर ‘सॉफ्ट’, वाढवलं तर ‘ओव्हरशार्प’. मधली जागा सापडतच नाही. (कोल्हापूर)

‘सॉफ्ट’ म्हणजे कडा मऊ, अस्पष्ट; ‘ओव्हरशार्प’ म्हणजे गरजेपेक्षा जास्त धारदार. तुमचं शार्पनिंग किती, यापेक्षा ते कधी होतंय हे आधी पाहा. क्रम असा ठेवा : रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने नोंदलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) लेन्सचे दोष काढणं, एक्स्पोजर आणि रंग, मग फोटो सरळ करणं आणि क्रॉप, डाग काढणं, आकाशाचा नॉइज, आकार लहान करणं आणि अगदी शेवटी शार्पनिंग. रॉमधलं शार्पनिंग लाइटरूम मुळात देतं तेवढंच, म्हणजे ४०, किंवा त्याहून थोडं कमी असू द्या. मोठ्या फाइलवर मनसोक्त शार्प करून नंतर फोटो लहान केला, तर त्या कडा लहान आकारात कशा दिसतील यावर तुमचा ताबा राहत नाही.

६००० पिक्सेल रुंदीची फाइल १६०० वर आणताना फोटोशॉप आकार बदलण्याची ‘बायक्युबिक शार्पर’ ही पद्धत वापरत असेल, तर ते स्वतःच शार्पनिंग करत असतं. त्यावर तुम्ही अनशार्प मास्क (नाव उलटं असलं तरी शार्पनिंगचंच साधन) लावता, म्हणजे शार्पनिंग दोनदा होतं. साधं बायक्युबिक निवडा. मग लेयरची प्रत करून अनशार्प मास्क लावा : अमाउंट १०० च्या आसपास, रेडियस (कडेचा किती रुंद भाग बदलायचा ते) ०.३, थ्रेशोल्ड ०. कमी वाटलं तर रेडियस वाढवू नका, तीच पायरी निम्म्या अमाउंटने पुन्हा करा. रेडियस १ च्या पुढे गेला की पांढरी रेघ आलीच म्हणून समजा. त्या लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी ठेवला, तर कडांना रंगीत किनार येत नाही.

पुरेसं झालं की नाही हे पाहायला एक जागा हमखास उपयोगी पडते. भारतीय विमानांची नोंदणी ‘व्हीटी’ने सुरू होते आणि इंग्रजी ‘व्ही’ म्हणजे दोन तिरक्या रेघा. तिरकी रेघ पिक्सेलच्या चौकोनांत बसवायला काळ्या-पांढऱ्याच्या मधे करड्या छटांचे पिक्सेल लागतात. त्यांच्यामुळेच ती डोळ्याला सलग वाटते. शार्पनिंग या करड्या पिक्सेलना काळ्याकडे किंवा पांढऱ्याकडे ढकलतं. ते संपले की खालची पायरी-पायरी उघडी पडते आणि त्या ‘व्ही’ला करवतीसारखे दाते येतात. ‘व्ही’ला दाते दिसले, तर पंखाची पुढची कड, बॉडीवरचे तिरके पट्टे आणि कॉकपिटच्या काचांच्या चौकटीही बिघडल्या असणार. शार्प लेयरला मास्क लावून या जागांवर ३०-४० टक्के ओपॅसिटीच्या मऊ ब्रशने शार्पनिंग उतरवा. आकाशावरचं पूर्ण काढा. रिव्हेट, पॅनेलच्या फटी, चाकं आणि इंजिनाचं तोंड इथे ते पूर्ण राहू द्या.

प्रश्न : आकाशात पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. मूळ रॉ फाइलमध्ये ते नाहीत. (नागपूर)

८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. वरच्या गडद निळ्यापासून क्षितिजाजवळच्या फिक्यापर्यंत तुमच्या आकाशाच्या वाट्याला त्यातल्या समजा ४० आल्या आणि आकाशाची उंची ८०० पिक्सेल असली, तर एकेक पायरी २० पिक्सेल रुंद झाली. त्यावर कॉन्ट्रास्ट वाढवला की पायऱ्यांमधलं अंतर वाढतं आणि पट्टे उघडे पडतात. रॉमधून फाइल १६ बिटमध्येच बाहेर काढा आणि ८ बिटवर अगदी शेवटी, जेपीजी करताना या. आकाशाचा नॉइज पार धुऊन काढण्याचा मोहही आवरा. किंचित दाणा राहिला तर तोच पायऱ्यांच्या सीमा मोडतो. पट्टे आधीच आले असतील तर १६ बिटमध्ये आकाशावर १ टक्क्याच्या आत नॉइज घालून पाहा.

फोटोशॉपच्या ‘सेव्ह ॲज’मध्ये जेपीजीची क्वालिटी ६ किंवा त्याखाली ठेवली, तर रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवली जाते. निळ्या आकाशासमोरच्या लाल शेपटीची कड त्यामुळे ओघळल्यासारखी दिसते. ७ पासून वर हे होत नाही. आम्ही ११ किंवा १२ सुचवू. रंगाची प्रोफाइल एस-आरजीबी हवी.

प्रश्न : धावपट्टी सरळ दिसेल असा फोटो फिरवला, तरी ‘अनलेव्हल’ म्हणून परत आला. (वसई)

‘अनलेव्हल’ म्हणजे फोटो कललेला. धावपट्टीची कड आडव्या रेषेचं माप म्हणून चालत नाही. तुम्ही तिच्याकडे तिरकं पाहत असता, त्यामुळे ती दूर जाताना निमुळती होते. ॲप्रनलाही (विमानं उभी करण्याच्या जागेलाही) पाणी वाहून जायला उतार असतो. विमानावरून माप घेणं तर त्याहून फसवं. एअरबस ए-३३० जमिनीवर नाक खाली करून उभं असतं. त्याच्या मालवाहू प्रकारात मजला समांतर यावा म्हणून पुढचं चाक खाली बसवावं लागलं आणि त्यासाठी नाकाखाली फुगवटा दिला गेला. अशा विमानाची खिडक्यांची ओळ आडवी केली, की मागचा टर्मिनल कलंडलाच.

उभ्या रेषा पाहा : टॉवर, इमारतीचा कोपरा, दिव्याचा खांब. त्यातही फोटोच्या मध्याजवळची रेषा घ्या, कारण कडेच्या उभ्या रेषा लेन्समुळे आत किंवा बाहेर झुकू शकतात. फिरवण्याची पायरी ०.१ अंशाची ठेवा.

प्रश्न : एटीआर या पंख्याच्या विमानाचे पंखे अगदी थिजल्यासारखे दिसतात, जणू इंजिन बंद आहे. रेडियल ब्लरने (गोलाकार धूसर करणाऱ्या साधनाने) फिरते दाखवले तर चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

चालणार नाही, आणि ते दिसूनही येतं. तुम्ही फोटो बहुधा तिरकस बाजूने काढलेला असतो, तेव्हा पंख्याची चकती लंबगोल दिसते. साधन मात्र गोलात फिरवतं. पंख्याच्या मधली टोपी फरफटते, मागचं इंजिनाचं आवरणही ओढलं जातं आणि पात्यांची सावली स्थिर राहते ती वेगळीच.

हे काम शटरने करायचं. एटीआर ७२ च्या हल्लीच्या विमानांवर ६ पात्यांचा पंखा असतो, म्हणजे दोन पात्यांत ६० अंश. उड्डाणाच्या वेळी तो मिनिटाला १२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला २० फेऱ्या करतो. १/१००० सेकंदात पातं जेमतेम ७ अंश सरकतं, म्हणून ते थिजलेलं दिसतं. १/१२५ सेकंदात ते सुमारे ५८ अंश सरकतं, जवळजवळ पुढच्या पात्याच्या जागी पोचतं, आणि पूर्ण चकती मिळते. उन्हात १/१२५ वर ॲपर्चर एफ/१६ पर्यंत बंद करावं लागतं, त्यामुळे सेन्सरवरची धूळ ठळक उमटते. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून एफ/८ वर राहणं बरं. विमानासोबत कॅमेरा फिरवण्याचा सराव लागेल आणि दहातले सात-आठ फोटो हलतील. १/३२० वर सुरुवात करून खाली या.

प्रश्न : एकाच डागासाठी फोटो दोनदा परत आला. (पणजी)

फाइलच्या प्रतीवर फोटोशॉपमधलं ‘इक्वलाइझ’ चालवा, धुळीचे सगळे डाग काळपट ठिपक्यांसारखे वर येतील. लाइटरूममध्ये हील साधन निवडून ‘व्हिज्युअलाइझ स्पॉट्स’ लावा. हीलिंग ब्रश डागाच्या दीडपट आकाराचा आणि मऊ असू द्या. डाग विमानाच्या कडेला चिकटून असेल, तर हीलिंग ब्रश बॉडीचा पांढरा रंग आकाशात ओढतो. तिथे आधी आकाशाची निवड करून क्लोन स्टँप वापरा. धूळ काढणं इथवर ठीक. मधे आलेला खांब किंवा तार पुसली, तर ती फोटोतली फेरफार ठरते.

प्रश्न : पांढरं विमान कधी पिवळं दिसतं, कधी निळं, आणि आकाश हिरवट. (पुणे)

व्हाइट बॅलन्सचा (पांढरं काय धरायचं ते ठरवणारा) ड्रॉपर कुठे टेकवलात, ते पाहा. बॉडीच्या सावलीतल्या भागावर आकाशाचा निळा उजेड पडलेला असतो. तो भाग पांढरा धरला, की उन्हातला भाग पिवळा होतो. पोटावर तर खालच्या गवताचा किंवा काँक्रीटचा रंग उतरलेला असतो. ड्रॉपर उन्हातल्या पांढऱ्यावर टेकवा आणि तिथे तिन्ही रंग २४० ते २४८ च्या दरम्यान ठेवा. २५५ ला पोचले तर पॅनेलच्या फटी नाहीशा होतात. संध्याकाळच्या फोटोत हे करू नका, तेव्हा विमान सोनेरीच असतं.

आकाश हिरवट झालं असेल, तर एक्स्पोजर जास्त आहे. निळा रंग २५५ वर अडकतो, हिरवा मात्र मागून चढत राहतो, म्हणून ही छटा येते. रंग बदलत बसू नका, रॉमध्ये एक्स्पोजर खाली घ्या. आकाश गडद करायला निळ्याचा ल्युमिनन्स स्लायडर फार ओढला, तर दाणे वाढतात आणि विमानाच्या कडेला पुन्हा तीच पांढरी रेघ उमटते.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी काढलेल्या फोटोंत खिडक्यांची ओळ नागमोडी येते. एआय शार्पनिंगने सुधारेल का? (नवी मुंबई)

नाही. तापलेल्या काँक्रीटवरची हवा प्रकाश वाकवते, त्यामुळे खिडकीचा आकारच चुकीचा नोंदला गेलेला असतो. शार्पनिंग ती चुकलेली कड आणखी पक्की करतं. एआयचं साधन त्याहून पुढे जाऊन अंदाजाने नवी कड रेखाटतं. दाराजवळच्या बारीक सूचना आणि नोंदणीची लहान अक्षरं २०० टक्क्यांवर पाहा, कुठल्याच लिपीत नसलेल्या खुणा तिथे सापडतील. एआयचं नॉइज काढणारं साधन रॉवर, कमी जोराने आणि अक्षरांवर मास्क लावून वापरायला हरकत नाही. नागमोडी ओळीवर मात्र उपाय फोटो काढतानाच : सकाळी ९ च्या आत जा, किंवा चांगली सर येऊन धावपट्टी निवल्यावर, आणि ४०० मिलिमीटरच्या लेन्सने लांबचं विमान ओढून घेण्यापेक्षा ते जवळ येईपर्यंत थांबा.