चिनी नवऱ्याची इंग्रजी आणि उच्चारांचा क्लास: आमचा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुमचा नवरा चीनच्या सिच्वान प्रांतातल्या चेंगडूचा, इंग्रजी वाचतो-लिहितो छान, पण मेलबर्नच्या ऑफिसात मीटिंग सुरू झाली की गप्प. म्हणून तुम्ही त्याला 'ॲक्सेंट' सुधारायच्या क्लासला घालताय. माझी बायको हुनानमधल्या छांग्शाची. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय. पैसे भरले नसतील तर थोडं थांबा.

व्याकरण, शब्दसंग्रह यांवर मी बोलत नाही. गाओकाओ, म्हणजे चीनची कॉलेज प्रवेशाची परीक्षा, देऊन आलेल्या माणसाचं ते पक्कं असतं. तिथे इंग्रजीला 150 गुण, पण बहुतेक प्रांतांत बोलण्याची परीक्षा त्यात धरत नाहीत. सवय होणार कुठून?

आता बायकोला लावलेला तो क्लास. नाव घेत नाही. त्यांनी तिच्या हातात आरसा दिला आणि 'थिंक', 'थ्री'मधला दातांत जीभ धरायचा 'थ' महिनोन् महिने घोटवून घेतला. अहो, तो 'थ' आपल्यापैकी किती जणांना येतो? आपण सरळ मराठी 'थ' लावतो आणि सगळ्यांना कळतं. तिचं बोलणं लोकांना कळत नव्हतं ते शब्दांची शेपटं गळत होती म्हणून. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, अक्षराच्या शेवटी 'न', 'ङ' आणि 'र' एवढीच व्यंजनं येतात. त्यामुळे 'लाइक', 'लाइट', 'लाइफ' तिन्ही कानाला 'लाय'. त्यात हुनान-सिच्वानकडे 'न' आणि 'ल' एकमेकांत मिसळतात, म्हणजे 'नाइट' आणि 'नाइफ'ही त्याच रांगेत. याकडे क्लासच्या बाईंनी एकदाही लक्ष दिलं नाही. फी गेली त्याचं सोडा; प्रत्येक शब्दाला टोकून टोकून त्यांनी तिला इतकं घाबरवलं, की औषधाच्या दुकानातही ती मला पुढे करायला लागली. याचा राग मला अजून आहे.

आम्हाला उपयोग झाला तो शब्द जोडून बोलण्याचा. शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला चिकटवायचं, आपल्या संधीसारखं: 'पिक इट अप' नाही, 'पि-कि-टप'. 'टर्न इट ऑफ'चं 'ट-र्नि-टॉफ'. व्यंजन अक्षराच्या सुरुवातीला आलं की तिला ते सहज जमायचं. स्वयंपाक करताना अशी वाक्यं म्हणायची, फोनवर रेकॉर्ड करायची, दुसऱ्या दिवशी तिची तिनेच ऐकायची. 'बॅक' आणि 'बॅग'साठी वेगळी युक्ती: 'ग' नीट नाही आला तरी चालेल, पण त्याआधीचा 'ॲ' लांबवायचा. इंग्रज कान बराचसा त्या लांबीवरूनच फरक ओळखतो.

मी भाषातज्ज्ञ नाही, आणि हे मँडरिन बोलणाऱ्यांपुरतं. कँटोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगकडच्या चिनी भाषेत, शेवटी 'प', 'त', 'क' येतात, त्यांची अडचण वेगळी.

बायको म्हणून तुम्हाला एक कळकळीची विनंती. तो 'ही'च्या जागी 'शी' म्हणाला तर चारचौघांत हसू नका, कोणाला हसू देऊ नका. चिनी बोलण्यात दोघांनाही 'ता'च म्हणतात, ते निष्काळजीपणाने होत नाही. आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यायची असेल तर पाठ केलेली उत्तरं अजिबात नकोत. परीक्षकाला ती लगेच ओळखू येतात आणि गुण जातात.

आणि मीटिंगसाठी: 'यू हॅव्हन्ट सेंट इट?' याला तो 'येस' म्हणाला, तर बहुधा त्याला 'हो, नाही पाठवलं' असं म्हणायचं असतं, अगदी आपल्या मराठीसारखं. साहेबाला वाटतं पाठवलं. त्याला नुसतं येस-नो सोडून पूर्ण वाक्य म्हणायला लावा: 'आय हॅव्हन्ट सेंट इट येट.' हे आजपासूनच करता येईल, त्याला क्लास लागत नाही.